दोन अगंबाईंमधलं अंतर

शेवटी गच्चीवर डिशची छत्री पुन्हा बसली.

हे वाक्य वाचकांनी वाचलेलं नाही. त्या घरातली सगळी माणसं शपथेवर सांगतात, की गच्चीवर अशी कुठलीही छत्री नाही आणि जी दिसते ती कपडे वाळत घालायला आहे. तेव्हा आपणही तसंच धरून चालू. गोष्ट सुरू होते तेव्हा छत्री खाली उतरत होती.

ती उतरवण्यामागे घरातले चिरंजीव होते. वय एकतीस, नोकरी विमा कंपनीत. आपलं नुकसान कसं झालं हे लोकांनी लिहून पाठवायचं, चिरंजीवांनी ते वाचायचं आणि त्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं कामाचं स्वरूप. दोन महिने त्यांनी घरात एकच धोशा लावला होता.

"बाबा, छत्रीचा जमाना गेला. आता सगळं इंटरनेटवर."

"सगळं म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

बाबा वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू, काटे आणि लिटरची मापं तपासली होती. त्यामुळे 'सगळं', 'बरंच', 'थोडंसं' असले शब्द त्यांच्यासमोर चालत नसत. एकदा शेजारीण "जरा साखर मिळेल का" म्हणून आली, तर "जरा म्हणजे किती ग्रॅम?" या प्रश्नावर तिनं बिनसाखरेचा चहा पिणं पसंत केलं. गल्लीत त्यांना सगळे निरीक्षकच म्हणत. बायको 'अहो' म्हणे, पण तेही जरा जपूनच.

निरीक्षकांनी तुलनात्मक तक्ता केला. डावीकडे उपग्रह, उजवीकडे इंटरनेट आणि मध्ये चौदा बाबी. महिनाभर दोन्ही जोडण्या ठेवून एकेक बाब तपासली गेली. चित्राची स्पष्टता मोजण्यासाठी निरीक्षक टीव्हीला नाक लावून उभे राहिले आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या डाव्या भुवईतले केस मोजले. उपग्रहावर साठ भरले, इंटरनेटवर एकशे चार. पावसातली कामगिरी तपासायची होती, पण पाऊस नव्हता. मग चिरंजीवांनी गच्चीवर जाऊन छत्रीवर झारीनं पाणी घातलं. शेरा पडला : 'उपग्रह टिकला, चिरंजीव घसरले.' छत्रीवर कावळा बसला की चित्र थरथरतं, तो एक गुण इंटरनेटला. इंटरनेटवर मधूनच मधोमध एक गोल फिरत राहतो, तो एक गुण उपग्रहाला. रिमोटवरची बटणं मोजली. त्यातली किती बटणं घरातल्या कुणालाच माहीत नाहीत, तेही मोजलं. अखेर इंटरनेट नऊ, उपग्रह चार, एका बाबीत बरोबरी.

तक्त्यात एकच रकाना राहून गेला होता. तो कोणता हे निरीक्षकांना तीन आठवड्यांनी कळलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

या सगळ्यात आईला कुणी काही विचारलं नव्हतं. तिनंच विचारलं, "माझी साडेसातची दिसेल ना रे?"

"दिसेल काय आई, चकाचक दिसेल. तेच चॅनल, तोच भाग, तीच वेळ. फक्त आभाळातून येण्याऐवजी तारेतून येणार."

"मग ठीक आहे," आई म्हणाली. "तारेतून आलेलं बरं. पडायची भीती नाही."

आता साडेसातचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं. आई ही दोघी बहिणींतली थोरली. धाकटी, म्हणजे चिरंजीवांची मावशी, दुसऱ्या गावात एकटी राहायची. शाळेत ग्रंथपाल होती, आता निवृत्त. गेली अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला एक मिनिट कमी असताना धाकटी फोन लावायची. थोरली फोन स्पीकरवर टाकून फुलदाणीला टेकवून ठेवायची आणि दोघी आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीसमोर, एकच मालिका बघायच्या. बोलणं फारसं नसे. तब्येत, गुडघे, रिकामं घर हे विषय तर निघतच नसत. ते निघू नयेत म्हणूनच तो अर्धा तास होता. मालिकेत काही भयंकर घडलं की दोघी एकदम म्हणायच्या, "अगं बाई!" ही दोन 'अगं बाई' एकमेकींवर अशी चपखल बसत, की ऐकणाऱ्याला एकच ऐकू येई. आठ वाजले की फोन बंद. निरोप वगैरे काही नाही. उद्या आहेच की साडेसात.

मालिका साधीच होती. नायिकेचा नवरा चार वर्षांपूर्वी बोटीतून पडून वारला होता. म्हणजे वारला नव्हता. मिशी लावून त्याच बंगल्यात ड्रायव्हर म्हणून काम करत होता. बायको त्याला ओळखत नव्हती. जन्मदाती आई ओळखत नव्हती. सगळा घोटाळा मिशीचा होता. बंगल्यातल्या कुत्र्याला एकदा संशय आला, तर कुत्र्यालाच गावी पाठवून दिलं. मिशी कधी पडणार, या एका प्रश्नावर अकराशे भाग झाले होते.

छत्री उतरली त्याच दिवशी, साडेसात वाजून बारा मिनिटांनी, फुलदाणीपाशी टेकवलेल्या फोनमधून धाकटी किंचाळली, "अगं बाई!"

थोरली दचकून सोफ्यावरून उठली. "काय गं? पडलीस का?"

"मी कशाला पडू? बघ ना!"

"काय बघू? तो गाडी पुसतोय."

"गाडी कुठली पुसतोय! अगं मिशी!"

"मिशी आहे की जागेवर."

"ताई, शुद्धीत आहेस ना? अर्धी सुटली होती! बायकोनं पाहिलं! आता चिकटवली परत!"

थोरलीनं चष्मा पुसला. पडद्यावर तो गाडीच पुसत होता. मग गाडीचा आरसा पुसायला वाकला, मिशीचं एक टोक आरशाला चिकटून सुटलं आणि मागून नायिका आली.

"अगं बाई!" थोरली म्हणाली.

 फोनमधून धाकटीचा बारीक आवाज आला. "आत्ता?"

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. धाकटी आधी किंचाळायची. थोरली "काय झालं, काय झालं" म्हणायची आणि जरा वेळानं स्वतः किंचाळायची. वीज आधी चमकते नि गडगडाट मागून येतो तसं. फरक इतकाच, की वीज एका गावात आणि गडगडाट दुसऱ्या.

चौथ्या दिवशी चिरंजीवांना ऑफिसात मावशीचा फोन आला.

"ताईला सांगू नकोस मी फोन केला म्हणून. तिचं काहीतरी होतंय रे."

"काय होतंय?"

"डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागतोय. काल त्या सासूनं जिन्यावर तेल सांडलं. मी ओरडले. ताई गप्प. मी म्हटलं, तेल गं, तेल! तर म्हणते, कुठाय तेल? सासू तर फोनवर बोलतेय. आणि मग केव्हातरी किंचाळली. मी पाणी पिऊन आले होते तोवर."

चिरंजीव म्हणाले, "बघतो." विमा कंपनीत हा शब्द दिवसातून चाळीस वेळा वापरला जातो.

तासाभरानं आईचा फोन.

"मावशीला सांगू नकोस. तिला पुढचं दिसायला लागलंय."

"पुढचं म्हणजे?"

"घडायच्या आधी कळतं तिला. परवा म्हणाली, वकील मेला. मी बघतेय तर वकील चांगला सरबत पितोय. आणि प्यायला नि मेला की रे! काल मी मुद्दाम परीक्षा घेतली. म्हटलं, छोटे, सांग, माझा चष्मा कुठाय? ती म्हणे, फ्रीजवर असेल. जाऊन बघते तर फ्रीजवर!"

"आई, तुझा चष्मा नेहमी फ्रीजवरच असतो."

"हो, पण तिला कुठून दिसला?"

चिरंजीव म्हणाले, "बघतो." पण या वेळी त्यांनी खरंच बघितलं. त्या संध्याकाळी ते फुलदाणीजवळ कान लावून बसले. फोनमधून, धाकटीच्या टीव्हीतून, नायिका ओरडली, "हा माणूस ड्रायव्हर नाही!" घरातल्या टीव्हीवर तेव्हा गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात चालू होती. मलम संपलं, दार उघडलं, नायिका आत आली, रडली आणि मग ओरडली, "हा माणूस ड्रायव्हर नाही!"

मावशीकडे अजून छत्री होती. आकाशातून येणारं तिच्याकडे लवकर पोचत होतं, तारेतून येणारं इकडे रमतगमत येत होतं. आईला काही झालं नव्हतं आणि मावशीला काही दिसत नव्हतं. जे काही होतं ते इंटरनेटचं होतं आणि इंटरनेट आणलं होतं चिरंजीवांनी. तेच चॅनल, तोच भाग, तीच वेळ, असं ठासून सांगून. त्यांनी विचार केला, सांगावं. मग आणखी विचार केला, आठ दिवसांत सवय होईल दोघींना.

सवय झाली नाही. पंधरा दिवस गेले. धाकटी आता प्रत्येक किंचाळीनंतर आकडे मोजत बसायची आणि ताईचा आवाज येईपर्यंत तिच्या जिवात जीव नसायचा. थोरली जाहिरात लागली की मध्येच "छोटे, यंदा माझं कसं जाईल गं?" असं सहज विचारून बघायची. दोघींचं मालिकेवरचं लक्ष उडालं. दोघी एकमेकींचा आवाज ऐकत बसायच्या आणि एकमेकींना तसं कळू द्यायच्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात धाकटीला राहवलं नाही. ताईच्या गल्लीच्या टोकाला दवाखाना असलेल्या डॉक्टरांना तिनं परस्पर फोन केला. डॉक्टर साडेसातच्या सुमाराला, सहज इकडून चाललो होतो असा चेहरा करून, हातात रक्तदाबाचं यंत्र घेऊन आले.

"काकू, कशा आहात?"

"मी बरी आहे. तुम्हीच दमलेले दिसताय. बसा, सुरू होतेय."

डॉक्टर बसले. त्यांनी चार प्रश्न विचारले, थोरलीनं चारही उत्तरं चटकन दिली. फोनवर धाकटीनं हाक मारली, थोरलीनं लगेच ओ दिली. डॉक्टरांनी टाळी वाजवली, तिनं डोळे मिचकावले. सगळं ठाकठीक. तेवढ्यात फोनमधून आलं, "अगं बाई!" डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. थोरली शांत. दहा सेकंद, वीस, तीस. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या.

"अगं बाई!" थोरली म्हणाली.

"अरे!" डॉक्टरही म्हणाले, कारण सासू जिन्यावरून स्वतःच घसरली होती. मग ते भानावर आले. "काकू, तुमचं बोलणं वेळेवर आहे, ऐकणं वेळेवर आहे. फक्त आश्चर्य उशिरा होतंय."

"हे काय नवीन?" निरीक्षकांनी विचारलं. "किती उशिरा? नेमकं सांगा."

"नेमकं मोठ्या तपासण्यांत कळेल. तोवर मेंदूला विश्रांती. आठ दिवस मालिका पूर्ण बंद."

 

"फोन चालेल ना?" थोरलीनं विचारलं.

"फोन चालेल की. बोला भरपूर."

"पण मालिका नसली तर बोलायचं काय?" थोरली म्हणाली, आणि त्याच क्षणी, तेच शब्द, फोनमधून धाकटीही म्हणाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच दोघींचं काही एका वेळी झालं होतं. धाकटीला ते सहन झालं नसावं. आठ वाजायच्या आतच फोन बंद झाला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

थोरलीनं फुलदाणीजवळचा फोन उचलला, पदार्थ जळल्यावर भांड्याकडे बघतात तसं त्याच्याकडे बघितलं आणि खाली ठेवला. ते बघून चिरंजीव उभे राहिले.

"आईला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "टीव्ही उशिरा येतोय."

"टीव्ही उशिरा येतो म्हणजे? तो समोरच आहे," निरीक्षक म्हणाले.

"दाखवतो. आठला पाच कमी आहेत ना? शेजाऱ्यांकडे छत्री आहे. खिडकीत या."

सगळे खिडकीत गेले. डॉक्टरसुद्धा. शेजारच्या खिडकीतून आठच्या बातम्यांचं संगीत वाजलं. निरीक्षकांनी मनगट डोळ्यांसमोर धरलं. घरातल्या टीव्हीवर अजून हसऱ्या माणसाची जाहिरात होती. तो माणूस हसत राहिला, हसत राहिला आणि मग घरातही बातम्यांचं संगीत वाजलं.

"एक्केचाळीस," निरीक्षक म्हणाले. "म्हणजे या घरात तीन आठवडे आठ वाजता आठ वाजत नव्हते."

त्यांनी कपाटातून तक्ता काढला. चौदा बाबी वरून खाली वाचल्या, खालून वर वाचल्या. भुवया होत्या, कावळा होता. वेळ नव्हती. चौतीस वर्षं ज्या माणसानं पाच ग्रॅमच्या फरकावरून दुकानं बंद पाडली, त्याच्या स्वतःच्या दिवाणखान्यात एक्केचाळीस सेकंद कमी भरत होते. ते तक्ता घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. जेवायला या म्हटल्यावर आतून फक्त "नको" आलं. किती नको, तेही सांगितलं नाही.

डॉक्टर जाताना दारात थांबले. "मालिका बंद करायची गरज नाही मग," ते म्हणाले. चपला घालून झाल्यावर पुन्हा थांबले. "ती सासू... वाचते का?"

चिरंजीवांनी स्वयंपाकघरात जाऊन मावशीला फोन लावला. फोन सवयीनं स्पीकरवर होता. आई ओट्याशी कप विसळत होती, ती तशीच थांबली.

"मावशी, आई ठणठणीत आहे. दोष इंटरनेटचा आहे. तुझ्याकडे छत्री, आमच्याकडे तार, म्हणून आमच्याकडे सगळं एक्केचाळीस सेकंद उशिरा दिसतं. बास, एवढंच."

पलीकडे मावशी रडली. मग नाक ओढलं. "खरं सांगतोयस ना? तपासण्या बिपासण्या काही नाही ना?"

"काही नाही. उद्याच छत्री परत चढवतो. नाहीतर तुझ्याकडे इंटरनेट लावून देतो."

"बरं झालं बाई. म्हणजे तीन आठवडे मला आधी दिसत होतं?"

"हो."

"ताईच्या आधी?"

"एक्केचाळीस सेकंद आधी."

"हं," मावशी म्हणाली. मग म्हणाली, "छत्रीची एवढी घाई आहे का रे?"

"म्हणजे?"

"हसशील तू. अरे, जन्मापासून सगळं ताईला आधी. ते तर आहेच म्हणा, थोरली ती. पण शाळेची पुस्तकं मला तिची यायची. त्यातली कोडी हिनं सोडवलेली. पेननं! पेन्सिलीनं केलं असतं तर खोडता तरी आलं असतं. सिनेमा ती मैत्रिणींबरोबर आधी बघून यायची आणि मी तिकीट काढून निघाले, की दारात उभी राहून सांगायची, छोटे, खुनी तो माळी आहे. पुढे मी ग्रंथपाल झाले ते कशासाठी? नवी पुस्तकं आधी आपल्या हातात येतील म्हणून. तर ही सुट्टीला आली आणि कपाट उघडून म्हणते, हे वाचलं, हे वाचलं, यात शेवटी दोघं मरतात. साठी उलटली माझी. आयुष्यात पहिल्यांदा मला काहीतरी ताईच्या आधी कळतंय. मला ते नीट कळेपर्यंत भीतीत गेले रे तीन आठवडे. आता कुठे मजा आली असती."

चिरंजीवांनी आईकडे बघितलं. आईनं ओल्या हातानं, बोलू नकोस, अशी खूण केली. मग त्याच हातानं डोळ्याला काहीतरी केलं आणि कप पुन्हा विसळायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता.

"आई, तू काय म्हणाली असतीस?" फोन ठेवल्यावर चिरंजीवांनी विचारलं.

"माळीच होता खुनी," आई म्हणाली. "तार राहू दे. छत्री नको."

तार राहिली. पण आता धाकटीला ठाऊक होतं की आपण पुढे आहोत, आणि पुढे असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. पूर्वी ती नुसतं किंचाळायची. आता सांगायला लागली.

"ताई, आता बघ हं. आता दिवे जाणार."

"हो का?"

"गेले की नाही? आता तो अंधारात हात धरणार, पण चुकीच्या बाईचा."

"छोटे, मला बघू दे की जरा."

"बघ ना! मी कुठे अडवलंय? सासूचा धरतो!"

तीन दिवस थोरलीनं सोसलं. दिवे गेले ते तिला आधीच माहीत होतं, आले तेही माहीत होतं. दार वाजलं की कोण आलंय ते माहीत होतं. चौथ्या दिवशी सकाळी तिनं चहाचा कप निरीक्षकांपुढे ठेवला आणि म्हणाली, "अहो, गुपचूप छत्री चढवा."

"अर्ज मागे घेतेस का? तूच म्हणालीस नको."

"तिनं सांगितलेलं मला चालतं हो. खूश आहे ती. पण मला माझं माझं दचकायचंय. मी वेळेवर बघीन, आणि ती सांगेल तेव्हा मला काही ठाऊक नाही असं करीन. फक्त किंचाळायचं एक्केचाळीस सेकंदांनी. ते मोजायला तुम्ही आहातच."

निरीक्षकांच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी तजेला आला. त्यांनी त्याच दिवशी डिशवाल्याला बोलावलं. डिशवाला म्हणाला, "काका, आजकाल सगळे छत्री काढून इंटरनेट घेतात, तुम्ही उलटे कसे?" निरीक्षक म्हणाले, "ही छत्री नाही. ही कपडे वाळत घालायला आहे. नीट उपग्रहाकडे तोंड करून लावा."

संध्याकाळी व्यवस्था चोख होती. थोरली सोफ्यावर, फोन फुलदाणीला टेकलेला, टीव्हीचा आवाज इतका बारीक, की फोनमधून पलीकडे जाऊ नये. निरीक्षक समोरच्या खुर्चीत, मनगट वर, दुसरा हात हवेत. धक्का बसला की मोजणी सुरू, एक्केचाळीस झाले की हात खाली, हात खाली आला की किंचाळी. चिरंजीव दाराशी. शिवाय डॉक्टर. काकूंची फेरतपासणी म्हणून ते रोज साडेसातलाच येऊ लागले होते. त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं, तोंडावर ठेवायला उशीही दिली होती.

पहिली दहा मिनिटं काही घडलं नाही. मग नायिकेनं ड्रायव्हरला चहा दिला, चहा गरम होता, वाफ वर गेली आणि मिशीचा डिंक वितळला. अकराशे अठरा भागांनंतर मिशी अलगद सुटून कपात पडली.

"अगं बाई!" फोनमधून धाकटी.

थोरलीनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. निरीक्षकांचा हात वर. एक, दोन, तीन.

"अरे बापरे!" डॉक्टर म्हणाले. उशी मांडीवरच राहिली होती.

"कोण ओरडलं?" धाकटीनं विचारलं. "डॉक्टर आहेत का तिथे? त्यांना कसं आधी दिसलं?"

थोरलीनं तोंडावरचा एक हात काढला. "डॉक्टर आहेत ते. शिकलेले आहेत," ती म्हणाली आणि हात परत ठेवला.

बारा, तेरा, चौदा. एवढ्यात बंगल्याचं दार उघडलं आणि हुबेहूब तसाच दिसणारा, पण मूळचाच बिनमिशीचा दुसरा माणूस आत आला. जुळा भाऊ.

"अगं बाई! ताई, आता तर तू बघच!" धाकटी.

थोरलीचे डोळे बाहेर आले. पहिली किंचाळी अजून आतच होती, तिच्यामागे दुसरी येऊन उभी राहिली. निरीक्षकांनी मनगटाकडे बघितलं, मग दुसऱ्या मनगटाकडे बघितलं, तिथे घड्याळ नव्हतं. चिरंजीवांनी धावत येऊन आपलं मनगट त्यांच्यापुढे धरलं. एकावर सत्तावीस, दुसऱ्यावर तेरा. आणि तेव्हाच गावी पाठवलेला कुत्रा खिडकीतून उडी मारून आला आणि जुळ्या भावाचा पाय धरला.

"अगं बाई, अगं बाई!" धाकटी आनंदानं वेडी झाली होती. "ताई, काय काय बघायचंय तुला अजून!"

डॉक्टरांनी आपलंही मनगट दिलं. तिसरी मोजणी सुरू झाली. थोरलीचा चेहरा लाल, मग जांभळट झाला. डॉक्टरांनी एका हातानं तिची नाडी धरली. एक्केचाळीस. निरीक्षकांचा हात खाली आला.

"अगं बाई!" थोरली म्हणाली. ती मिशीची होती.

"हेच, हेच! आणि आता बघ, दार उघडेल!"

पुढची चौदा सेकंदं अंमळ लांब गेली. मग हात पुन्हा खाली.

"अगं बाई!" हे जुळ्या भावाचं. आणि आणखी तेरा सेकंदांनी तिसरं, कुत्र्याचं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त तिन्ही शिळी होती.

"मी सांगत होते ना?" धाकटी म्हणाली. "तुझ्या आधी सगळं मला कळलं!"

"हो गं बाई," थोरली धापा टाकत म्हणाली. "मला कुठे एवढं समजतंय. तू आहेस म्हणून."

आठ वाजले. फोन बंद झाला. थोरली सोफ्यावर आडवी झाली आणि डॉक्टरांनी यंत्र लावलं. रक्तदाबाचा आकडा त्यांनी मोठ्यानं सांगितला नाही. आश्चर्य उशिरा होण्यात धोका नाही, ते म्हणाले, पण तीन आश्चर्यं एकावर एक साठवून ठेवणं या वयात बरं नव्हे.

"मग थांबवायचं का?" चिरंजीवांनी विचारलं.

"थांबवायचं नाही," थोरली आडवी होऊनच म्हणाली. "काय आवाज होता तिचा आज! ऐकलात ना?"

निरीक्षक उठले. त्यांनी कपाटातून कोरा कागद, मोजपट्टी आणि पेन घेतलं, समास आखला आणि लिहायला बसले.

*प्रति,*
*मा. कथाविभाग प्रमुख,*
*संध्याकाळी साडेसातची मालिका.*

*विषय : दोन धक्क्यांमधील किमान अंतर निश्चित करणेबाबत.*

*महोदय,*
*अर्जदार हा वजनमापे खात्याचा सेवानिवृत्त निरीक्षक असून आपल्या मालिकेचा अकरा वर्षांचा अनिच्छुक प्रेक्षक आहे. काही कौटुंबिक कारणास्तव अर्जदाराच्या पत्नीस आपल्या मालिकेतील प्रत्येक धक्का एक्केचाळीस सेकंद स्वतःजवळ बाळगावा लागतो. असे असता आज एका मिनिटाच्या आत मिशी, जुळा भाऊ व कुत्रा असे तीन धक्के देण्यात आले. एका वेळी एकच धक्का बाळगण्याची सदर महिलेची क्षमता आहे, हे सोबतच्या वैद्यकीय दाखल्यावरून दिसून येईल.*

*सबब, यापुढे एक धक्का दिल्यानंतर दुसरा देण्यापूर्वी किमान एक्केचाळीस सेकंद कोणत्याही पात्राने काहीही करू नये. नुसते बसावे. कुत्र्यासही बसवावे.*

*तसेच सदर अर्जाबाबत अर्जदाराच्या मेहुणीस काहीही कळवू नये. कळवणे अटळच झाल्यास, अर्जदाराच्या पत्नीच्या किमान एक्केचाळीस सेकंद आधी कळवावे, ही नम्र विनंती.*